स्पेशालिटी कर, पण वॉर्ड बघून

अगं, नर्सच्या नोकरीला वर्ष झालं ना? मग पोस्ट बेसिक डिप्लोमाचं, म्हणजे नर्सिंगच्या एका शाखेत तयार करणाऱ्या कोर्सचं, आता मनावर घेच. कोर्स एक वर्षाचा. क्रिटिकल केअर (आयसीयू), निओनेटल (नवजात बाळं), ऑन्कोलॉजी (कॅन्सर), ओटी (ऑपरेशन थिएटर) असे बरेच पर्याय आहेत आणि जीएनएमवालीलाही, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेलीलाही, चालतो. 'माझं बीएस्सी नाही' म्हणून मागे राहू नकोस.

ऑन्कोलॉजीची आवड असेल तर मुंबईत टाटा मेमोरियल आहेच. केमो चालू असताना औषध शिरेबाहेर गळलं, तर सलाईन कुणीही बंद करेल. पण कॅन्युला (शिरेत घातलेली बारीक नळी) लगेच ओढायची नाही, आधी तिच्यातूनच उरलेलं औषध सिरिंजने खेचून घ्यायचं. मग केमोचं औषध डॉक्सोरुबिसिन असेल तर गार शेक, व्हिन्क्रिस्टिन असेल तर गरम. उलटं झालं तर इजा वाढते. ड्युटी करता करता कळेल सगळं, असं सिनियर म्हणतात (मीही सिनियरच!), पण ते कुणाच्या हातावर शिकणार?

पगार लगेच वाढेल या भ्रमात मात्र राहू नकोस. कित्येक खाजगी हॉस्पिटलांत दमडीही वाढत नाही. पण बदली मागताना, मुलाखतीत बोलताना फरक पडतो.

बीएलएस, एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवायला शिकवणारे छोटे कोर्स) जरूर कर, फक्त त्यांचं कार्ड 2 वर्षांनी संपतं आणि ते डिप्लोमाची जागा घेत नाही. फी भरण्याआधी संस्थेला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते स्वतः तपास. जाहिरातीवर जाऊ नकोस. पास झालीस की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे वाढीव पात्रतेची नोंद करून घे. ते बऱ्याचजणी विसरतात.