चौथ्या दिवशी डोळा दुखायला लागला तर

प्रश्न : मॅडम, आईचं (वय ६८, शुगर आहे) उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. चौथ्या दिवशी डोळा लाल झाला, दुखायला लागला, शेजारचे म्हणाले होतं असं, म्हणून रविवार जाऊ दिला. सोमवारी कळलं आत इन्फेक्शन झालंय, डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागली. डोळा वाचला पण अंधुकच दिसतं. आमचं काय चुकलं? आणि दुसऱ्या डोळ्याला आई नकोच म्हणतेय.

उत्तर : इन्फेक्शन तुमच्यामुळे झालं असं मनात धरू नका. बहुतेक वेळा हे जंतू पेशंटच्याच पापण्यांवर आधीपासून असतात आणि ऑपरेशनच्या वेळी आत जातात, म्हणूनच आधी डोळ्यात बीटाडिनचे थेंब टाकून काही मिनिटं थांबतात. एकाच दिवशी ऑपरेशन झालेल्या अनेकांना झालं तर मात्र शंका थिएटर, औजारं, आत सोडायचं पाणी यावर घ्यायची. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारमध्ये मुझफ्फरपूरला शिबिरातल्या कित्येकांचे डोळे काढावे लागले, ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

चुकलं ते थांबणं, आणि तेही तुम्हाला कुणी नीट सांगितलं नाही म्हणून. पहिले एकदोन दिवस खुपतं, पाणी येतं, पण ते रोज कमी व्हायला पाहिजे. दुखणं वाढतंय किंवा आधी दिसत होतं ते आता धूसर झालंय, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी दाखवायचं, रात्र असली तरी, कारण जंतू काही तासांत पडद्याचं नुकसान करतात आणि गेलेली नजर मग पूर्ण परत येईलच असं नाही. घरचे थेंब वाढवून किंवा गुलाबपाणी घालून हे थांबत नाही, औषध डोळ्याच्या आतच द्यावं लागतं.

आता अंधुक का दिसतंय हे पडद्याच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, कधी कधी आत राहिलेला गढूळपणा नंतर काढता येतो.

दुसऱ्या डोळ्याची आईंची भीती मला कळते. पण हे हजारात एखाद्यालाच होतं. घाई करू नका, उजवा डोळा पूर्ण शांत होऊ दे, शुगर आटोक्यात आणा, अश्रूनळी तुंबलीय का, पापण्यांना सूज आहे का ते बघून घ्या आणि डॉक्टरांना पहिल्या डोळ्याचं सगळं सांगा, कागद दाखवा. ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आत अँटिबायोटिक देणार का, हेही विचारा, त्याने धोका बराच कमी होतो. आणि सुट्टीच्या दिवशी कुणाला फोन करायचा तो नंबर डिस्चार्जच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय घरी येऊ नका.