ग्रीसमधल्या क्रीट बेटावर आठवडाभर चाललोय, चौघेही शाकाहारी. शाकाहारींचे हाल होतात असं ऐकलंय. ऑल-इन्क्लुजिव्ह हॉटेल घ्यावं की बाहेर जेवावं? खर्च किती धरावा?

बाहेर जेवा. ऑल-इन्क्लुजिव्ह अजिबात घेऊ नका.

'तिकडे शाकाहारी माणसाचे हाल होतात' हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक मुंजीत आणि बारशात साडूभाऊंच्या तोंडून ऐकायला मिळतं. तुम्हीही तेच ऐकून आलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्हीही चौघंच होतो. मी, बायको, मेहुणी आणि साडूभाऊ. साडूभाऊंच्या बॅगेत निम्मी जागा खाकरे, मेतकूट आणि गरम पाणी ओतून करायच्या उपम्याच्या पाकिटांनी अडवलेली. त्याला माझी हरकत नव्हती. विमान लेट झालं की खाकरा कामाला येतो. पण इराक्लिओ या बेटावरच्या मुख्य शहरात उतरल्या उतरल्या त्यांनी फोनवर एक भारतीय हॉटेल हुडकलं आणि आम्हाला तिकडे नेलं. केचपच्या चवीची ग्रेव्ही, त्यात पनीरचे चार रबरी तुकडे, गार नान आणि वर दणदणीत बिल. साडूभाऊ मात्र खूश. 'निदान आपलं तरी आहे,' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी क्नोसोसचा राजवाडा पाहिला. तो शहरापासून पाचेक किलोमीटरवर आहे. तिथून तसंच दक्षिणेला गेलं की द्राक्षमळ्यांमध्ये आर्खानेस नावाचं गाव लागतं. चौकात झाडांखाली टेबलं मांडलेली. दुपारचे दोन वाजून गेलेले, म्हणजे तिकडची जेवायची वेळ. साडूभाऊ म्हणाले, परत शहरात जाऊ, कालचं हॉटेल उघडं असेल. मी गाडीची किल्ली खिशात घातली आणि बसलो.

बायको उठून सरळ स्वयंपाकघरात गेली. खेड्यातल्या टॅव्हर्नात, म्हणजे तिकडच्या खानावळीत, हे खुशाल चालतं. मालकीणबाईंनी तिला एकेक झाकण उचलून दाखवलं. टोमॅटोत शिजवलेली अख्खी भेंडी, देठाकडची टोपी पेन्सिलीसारखी तासलेली, वर ऑलिव्ह तेलाचा तवंग. आपल्या पावट्याच्या दुप्पट मोठे पांढरे दाणे, ओव्हनमध्ये कडेला खरपूस झालेले. तांदूळ भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या. एका पातेल्यात नुसती उकडलेली पालेभाजी होती, त्यातली काडी चिमटीत धरून ती बाहेर आली आणि म्हणाली, 'अहो, हा तर माठ!' माठाच्याच कुळातली भाजी आहे ती. व्लिता म्हणतात, उन्हाळाभर मिळते, उकडून वर तेल आणि लिंबू, की झालं. आपली घोळसुद्धा हे लोक काकडी-टोमॅटोत कच्ची घालून खातात. हाल म्हणे!

भाज्या अशा ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या असल्या की त्या प्रकाराला लादेरा म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, मेनूकार्डात तेवढं सदर शोधलं तरी आठवडा निघतो. सोबत डाकोस मागवा: बार्लीचा टणक टोस्ट, त्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा नावाचं ताजं चीज, तेल आणि ओरेगानो. आल्या आल्या खाऊ नका, टोमॅटोचं पाणी खाली मुरू द्या, नाहीतर दाढेचं काम निघेल. पश्चिमेकडच्या हानिया शहराकडे गेलात तर बुरेकी खा. दुधी-झुकिनीच्या जातीची कोवळी भाजी, बटाटा, चीज आणि पुदिना यांचे थर देऊन भाजलेली असते.

तर, हे सगळं टेबलावर येत असताना साडूभाऊंना शेजारच्या टेबलावरचा भात दिसला. पांढराशुभ्र, आपल्या आसट भातासारखा, वर लोणी. गामोपिलाफो त्याचं नाव, क्रीटमधल्या लग्नांचा मानाचा पदार्थ. मी म्हटलं, आधी विचारून घ्या. 'भातात काय विचारायचं?' असं म्हणून त्यांनी बोट दाखवून मागवला. चष्मा गाडीत राहिला होता. भात आला, त्यावर त्यांनी लिंबू पिळलं, दोन घास खाल्ले, डोळे मिटले. 'शेवटी भातच खरा,' म्हणाले. तोवर मेहुणीनं मेनूकार्ड उचलून इंग्रजी ओळ मोठ्यानं वाचली. बोकडाच्या आणि कोंबडीच्या रश्शात शिजवलेला भात.

लग्नकार्यातला किस्सा इथे संपतो. 'बघा, कसं फसवतात!' सगळे हळहळतात, कुणीतरी पुढची जिलबी वाढतं.

पण झालं ते पुढे असं. मालकीणबाईंना एकही इंग्रजी वाक्य धड येत नव्हतं, तरी साडूभाऊंच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं. त्यांनी भाताची ताटली उचलली आणि ओव्हनमध्ये कांदा-लिंबू घालून शिजवलेले छोले आणि त्या माठाचा ढीग आणून ठेवला. साडूभाऊंनी ती ताटली ब्रेडनं पुसून स्वच्छ केली. बिलात भात नव्हता आणि छोलेही नव्हते. नंतर कलिंगड आणि राकीची, म्हणजे द्राक्षांपासून काढलेल्या कडक दारूची, छोटी सुरई आली, तर हे मालकीणबाईंशी वाद घालायला उठले, 'आम्ही मागवलंच नाही!' अहो, ते फुकट असतं. क्रीटमध्ये जेवण झाल्यावर पाहुण्याला फळ किंवा गोड आणि राकी द्यायची पद्धत आहे. मेहुणीनं शांतपणे त्यांचाही पेला संपवला. हा उत्तरार्ध कोणत्याही मुंजीत सांगितला जात नाही.

आणि गंमत बघा, हेच गृहस्थ रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर मेडिटेरेनियन डाएटचे फॉरवर्ड टाकतात. त्या डाएटची कीर्ती झाली ती बरीचशी याच बेटामुळे. अमेरिकी संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांच्या सात देशांच्या अभ्यासात 1960 पासून क्रीटमधल्या खेड्यांतले पुरुष होते आणि हृदयविकारानं दगावण्याचं प्रमाण त्यांच्यात सगळ्यांत कमी निघालं. ती माणसं मुख्यतः कडधान्यं, रानभाज्या, बार्लीचा टोस्ट आणि ऑलिव्ह तेल यांवर जगत होती, मांस क्वचित. ते जेवण समोर आलं तर साडूभाऊ भात शोधत होते.

शाकाहाराची परंपरा त्यांच्याकडे नाही, उपासाची मात्र भक्कम आहे. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात ईस्टरआधीचे कित्येक आठवडे, ऑगस्टचा पहिला पंधरवडा आणि एरवी बुधवार-शुक्रवारी मांस, दूध, अंडी वर्ज्य. सगळेच पाळतात असं नाही, पण उपासाचे पदार्थ प्रत्येक बाईला येतात. म्हणून 'व्हेजिटेरियन' म्हणून चेहरा पाडण्यापेक्षा 'निस्तीसिमो', म्हणजे उपासाचं, विचारा. मात्र त्या उपासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात, तेव्हा पुढे हेही म्हणा: 'होरिस क्रेआस, होरिस प्सारी, होरिस थालासिना, होरिस झोमो.' मांस, मासे, कोळंबी-ऑक्टोपससारखं काही, रस्सा नको. शेवटचा शब्द साडूभाऊंच्या स्मरणार्थ.

ऑल-इन्क्लुजिव्हला नाही म्हणतो ते याचसाठी. पैसे आधीच भरलेले असले की आपल्या माणसाचा पाय बाहेर निघत नाही. मग हर्सोनिसोस या किनाऱ्यावरच्या पर्यटनगावातल्या त्या रांगेतल्या हॉटेलांत बसून रोज पास्ता, चिप्स आणि कालच्याच काकडीचं सॅलड. सोबत लहान मूल किंवा पथ्याचं म्हातारं माणूस असेल तर नाश्ता आणि एक जेवण असलेलं घ्या, तेवढी सूट देतो. खरं तर नाश्त्याचीही गरज नाही. इराक्लिओत सिंहांच्या कारंज्याच्या चौकात सकाळी गरम बुगात्सा, म्हणजे पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेली पेस्ट्री मिळते, त्यातली चीजची घ्या. क्रीमच्या सारणात अंडं असू शकतं.

हानियाच्या जुन्या बंदरावर पाण्याला लागून जी हॉटेलं आहेत, जिथे माणसं हाताला धरून आत बोलावतात, तिथे कॉफी प्या आणि जेवायला मागच्या गल्लीत जा. पातेल्यातल्या भाज्या सकाळी केलेल्या असतात, रात्री नऊला गेलात तर भेंडी संपलेली असेल. कोमट वाढतात, गरम करून मागू नका, ती तशीच चांगली लागते.

आता राहिलेल्या गोष्टी. भरलेल्या टोमॅटोत आणि द्राक्षपानांच्या गुंडाळ्यांत कधीकधी खिमा असतो, दर वेळी विचारा. तळलेली झुकिनी बहुधा माकूल तळलेल्या तेलातच निघते. फेटा आणि ग्राव्हिएरा या चीजमध्ये प्राण्यांच्या पोटातलं विरजण असतं पुष्कळदा, तुम्हाला ते चालत नसेल तर अवघड आहे. कांदा-लसूणही न खाणारे असाल तर माझं उत्तर निम्मं बाद समजा आणि साडूभाऊंच्या बॅगेचं ऐका. आणि हो, मी स्वतः मासे खातो. शाकाहारी बायको आहे, ती तिथून परतली तेव्हा तिचं वजन वाढलेलं होतं.

खर्च: साध्या टॅव्हर्नात दारू सोडून माणशी पंधरा ते वीस युरोत पोटभर होतं, बंदरावर त्याहून जास्त. पदार्थ मधोमध ठेवून वाटून खा, चौघांत पाच-सहा ताटल्या पुरतात. न मागता आलेल्या ब्रेडचे माणशी थोडे पैसे बिलात लागतात, त्यावरून भांडू नका. बिल मागितल्याशिवाय कुणी आणत नाही. पावती मात्र घ्याच. पावती दिली नाही तर गिऱ्हाइकावर पैसे देण्याचं बंधन नाही, असं मेनूकार्डावर छापलेलंच असतं. साडूभाऊंना तेवढी ओळ बिनचष्म्याची दिसली होती.