आधी सीमारेषा आखून घे

प्रिय विद्यार्थिमित्रास, अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव दोनदा वाचला. सौर पॅनेल, हायड्रोजन आणि बायोडिझेल या तिन्हींना एकदम हात घालण्याची तुझी उमेद मला समजते. पण त्यांतले नेमके काय सुधारायचे आणि ती सुधारणा कुठून कुठपर्यंत मोजायची, हे अठरा पानांत कुठेच सापडले नाही. प्रणालीच्या आत काय येते आणि तिच्यातून बाहेर काय जाते, हे ठरवणारी सीमारेषा आखल्याखेरीज कार्यक्षमतेच्या आकड्याला अर्थ येत नाही.

हे मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. सिलिकॉन पॅनेलचे तापमान एका अंशाने वाढले की त्याची शक्ती साधारण ०.३५ टक्क्याने घटते, हे वाचून मी ४०० वॉटच्या पॅनेलमागे तांब्याच्या नळ्या बसवल्या, त्यांतून पाणी खेळवले, तापमान ६५ वरून ४५ अंशांवर आणले आणि भर उन्हात सुमारे २८ वॉट जास्त मिळाल्याची नोंद मोठ्या दिमाखात वहीत केली. माझ्या मार्गदर्शकांनी वही चाळली आणि काहीही न बोलता पंपाच्या वायरीकडे बोट दाखवले. पंप भिंतीतल्या सॉकेटवर चालत होता आणि ४० वॉट खात होता. आज वाटते, त्या कोमट पाण्याचा उपयोग केला असता तर हिशेब पुन्हा बदलला असता; म्हणजे माझी सीमारेषा दोन्ही बाजूंनी चुकली होती.

हायड्रोजनच्या बाबतीत ही चूक अधिक सफाईने लपते. एक किलो हायड्रोजन जाळून मिळणारी उष्णता, म्हणजे उष्मामूल्य, दोन प्रकारे मोजतात: जळताना झालेल्या वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता धरली तर उच्च उष्मामूल्य ३९.४ किलोवॉट-तास, न धरली तर निम्न उष्मामूल्य ३३.३. तेवढा वायू पाण्यापासून तयार करायला विद्युत-अपघटन यंत्राला ५० किलोवॉट-तास वीज लागली, तर पहिल्या आकड्याने कार्यक्षमता ७९ टक्के दिसते आणि दुसऱ्याने ६७. काही लेखक अपघटनासाठी पहिला आणि हायड्रोजनपासून पुन्हा वीज बनवणाऱ्या इंधनघटासाठी दुसरा आकडा वापरतात, आणि दोन्हीकडे गुण पदरात पाडून घेतात. इंधनघटातून निम्न उष्मामूल्याच्या निम्मी वीज परत मिळते असे धरले, तर मूळ विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा हाती उरतो, आणि वायू दाबून भरण्याचा खर्च यात धरलेलाच नाही. म्हणून, जिथे बॅटरीने काम भागते तिथे हायड्रोजन सुचवण्यापूर्वी दहादा विचार कर. पोलाद किंवा अमोनिया बनवण्याची गोष्ट वेगळी; तिथे बॅटरीने काम भागत नाही.

निसर्गाने घातलेल्या मर्यादाही पाठ असू देत. वाऱ्यातल्या ऊर्जेपैकी ५९.३ टक्क्यांहून अधिक पवनचक्कीला घेता येत नाही. साध्या सूर्यप्रकाशात एकाच संधीच्या, म्हणजे अर्धवाहकांचा एकच जोड असलेल्या, सौरघटाला सुमारे ३३ टक्क्यांचे छत आहे; असे छत असते हे शॉकली आणि क्वायसर या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये दाखवले.

बायोडिझेलचा भाग मात्र मला आवडला. पण तळणीचे वापरलेले तेल घेणार असशील, तर पहिल्याच दिवशी अनुमापन करून, म्हणजे ठाऊक तीव्रतेचे अल्कली द्रावण थेंबाथेंबाने घालून, त्याची आम्लता, म्हणजे त्यातल्या मुक्त मेदाम्लांचे प्रमाण, पाहा. ती एक-दोन टक्क्यांच्या वर असेल आणि तू थेट अल्कली उत्प्रेरक घातलास, तर विलगक नरसाळ्यात खाली गडद ग्लिसरॉल आणि वर पारदर्शक इंधन असे दोन थर दिसण्याऐवजी मध्ये साबणाचा दुधाळ गाळ बसेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तो तसाच असेल. आधी आम्लाच्या साहाय्याने एस्टरीकरण केलेस, म्हणजे ती मेदाम्ले अल्कोहोलशी जोडून टाकलीस, तर हे टळते. आणखी एक गोष्ट: प्रस्तावात इंधनाला 'पूर्णपणे नवीकरणीय' म्हटले आहेस, पण तेलाचे इंधन करायला जे मिथेनॉल तू वापरणार आहेस ते बहुतेक वेळा नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून बनते. तेही सीमारेषेच्या आत घ्यावे लागेल.

पुढच्या भेटीला प्रस्ताव आणू नकोस. तिन्हींपैकी एकच विषय निवड, एका कागदावर चौकट काढ आणि आत येणारा व बाहेर जाणारा प्रत्येक बाण दाखवून त्यावर आकडा आणि त्यातली संभाव्य त्रुटी लिही. ज्या बाणावर आकडा लिहिता येणार नाही तो मोकळाच ठेव. आपण तिथूनच बोलायला लागू.

कळावे.