अण्णा, आमच्या उताऱ्यात चूक आहे

मागच्या वेळी सहज लिहिलं की घराच्या उताऱ्याबद्दल, म्हणजे सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डाबद्दल, काय अडलं असेल तर विचारा, तर पत्रांचा ढीगच लागला बघा. मी सिटी सर्व्हेत परिरक्षण भूमापक होतो, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीतली लोकं अजून संध्याकाळी उतारे घेऊन कट्ट्यावर येतात, तेव्हा सवय आहे. सगळी पत्रं बसणार नाहीत, चारच घेतोय.

पहिलं पत्र. अण्णा, आमचं घर सोलापुरात साखर पेठेत. वडिलांनी १९७४ ला खरेदी केलेलं, ते २०११ ला वारले. आता वर एक मजला काढायला लोन बघतोय म्हणून ऑनलाईन उतारा काढला तर वडिलांचं नाव नरसय्याच्या जागी नरसप्पा आलंय. एजंट म्हणतोय गॅझेट करावं लागतं, पंधरा हजारात सगळं करून देतो. आई म्हणते आधी वारस लावून घ्या, नावाचं नंतर बघू. काय करू?

एजंटला चहा पाजा आणि वाटेला लावा. गॅझेट असतं ते जिवंत माणसानं स्वतःचं नाव बदललं तर ते जाहीर करायला. तुमच्या वडिलांनी नाव बदललेलंच नाही, लिहिणाऱ्यानं बदललंय, आणि वारलेल्या माणसाचं गॅझेट करणार तरी कोण?

ही चूक आपल्याकडं लई कॉमन आहे. जुन्या कार्डांवर टाकानं लिहिलेलं असायचं, शाई पसरलेली, त्यात य्या आणि प्पा शेजारी ठेवून बघा, एका रेघेचा तर फरक. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, घरटी एक नरसय्या, आणि कॉम्प्युटरवर भरणारा पोरगा अक्कलकोटकडचा असला की त्याच्या घरी मामा नरसप्पा, काका नरसप्पा, तो बिचारा ओळखीचं नाव वाचून मोकळा होतो. उताऱ्यावर मात्र तेलुगू माणसाचा कानडी माणूस होऊन बसतो आणि बँकेचा वकील म्हणतो हे दोघं वेगळे.

आता काम कसं करायचं, तर सगळ्यात आधी सिटी सर्व्हे ऑफिसात जुन्या हस्तलिखित कार्डाच्या नकलेसाठी अर्ज टाका. ऑनलाईन उतारा हा शेवटचा कागद आहे, चूक त्याच्यात दिसतीय म्हणून त्याच्यातच झाली असं नसतं. हस्तलिखित कार्डावर नरसय्या असेल तर चूक कॉम्प्युटरात भरताना झाली, जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद, म्हणजे लिहिताना झालेली चूक, म्हणून दुरुस्तीचा अर्ज नगर भूमापन अधिकाऱ्यांच्या नावानं द्यायचा, हे सगळ्यात सोपं. कार्डावरच नरसप्पा असेल तर एक पायरी मागं जायचं, १९७४ च्या खरेदीनंतर जी नोंद झाली ती आणि तिच्याबरोबरचे कागद मागवायचे. खरेदीखतात बरोबर असेल तरी १५५ मध्येच बसतं. पण खरेदीखतातच नरसप्पा निघालं तर मात्र सिटी सर्व्हेवाले काही करू शकत नाहीत, त्यांनी तर बघून बरोबरच उतरवलंय, तिथं दुय्यम निबंधकाकडं चूक दुरुस्ती लेख नोंदवावा लागतो आणि त्याला विकणाऱ्याची, तो नसला तर त्याच्या वारसांची सही लागते. ते सहीच देत नाहीत म्हणाले तर दिवाणी कोर्ट. पण एवढं घाबरू नका, आधी कार्ड तर बघा.

अर्जाला जोडायला खरेदीखताची प्रत, वडिलांचं रेशन कार्ड, मिलमध्ये होते का, असतील तर मिलचा पास किंवा फंडाचा कागद, जुनं लाईट बिल, आणि दोन्ही नावांचा माणूस एकच असं प्रतिज्ञापत्र. ह्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही हं, सरकारी ऑफिसात द्यायचं असेल तर माफ आहे, कोर्टाबाहेरचा टायपिस्ट तरी पाचशेचा पेपर घ्यायला लावतो.

आईंचा राग येऊ देऊ नका पण वारस नोंद नंतर. उताऱ्यावर नरसप्पा आणि मृत्यू दाखला नरसय्याचा, फाईल परत येणार म्हणजे येणारच. आधी नाव, मग मृत्यू दाखला आणि वारसांचे कागद लावून वारस नोंद. आणि जाता जाता मृत्यू दाखल्यावर काय नाव आहे तेही बघून घ्या, नाहीतर तिथं नरसिंग निघायचा.

आमच्या स्वतःच्या घराच्या उताऱ्यावर आईच्या नावामागं श्री. लागलेलं होतं. मी त्याच खात्यातला माणूस, तरी एका ऑफिसात (कुठलं ते राहू दे) चौदा महिने हेलपाटे घातले. पहिले आठ महिने फुकट गेले कारण अर्ज दिला पण पोच घेतली नव्हती, ओळखीचा माणूस म्हणून. त्यांच्याकडं अर्जच सापडेना. तेव्हा दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घ्या, साहेब मामा लागत असले तरी घ्या.

दुसरं पत्र. जुळे सोलापुरात १९९८ ला १५०० चौरस फुटाचा प्लॉट घेतला. खरेदीखतात १३९.४ चौ.मी. आहे, उताऱ्यावर १३४.९. ऑफिसात विचारलं तर खिडकीवरचे म्हणाले होत नाही, मोजणी करा. शेजाऱ्यानं आमची जागा ढापली असं मिस्टरांना वाटतंय, बोलणं बंद आहे.

ताई, मिस्टरांना आधी आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा. १३९.४ आणि १३४.९. तेच चार अंक, नुसती नऊ आणि चारची अदलाबदल. शेजारी एवढा हुशार नसतो.

तरी ४.५ चौरस मीटर सोडून देऊ नका, एका चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट होतात, म्हणजे तुमचे ४८ चौरस फूट गेले, सहा बाय आठचं बाथरूम झालं की. करायचं काय, तर चारी बाजूच्या प्लॉटचे उतारे ऑनलाईन काढा आणि त्यांची खरेदीखतं ओळखीनं बघायला मिळाली तर बघा. सगळ्यांचं क्षेत्र आपापल्या खरेदीखताशी जुळत असेल, आणि रस्त्यात कुणाचं काही गेलेलं नसेल, तर ही टायपिंगची चूक, परत तेच कलम १५५. पण एखाद्याच्या उताऱ्यावर बरोबर ४.५ जास्त निघालं तर ते लेखनप्रमादात बसत नाही, कारण तुमचं वाढवायचं म्हणजे त्याचं कमी करायचं, त्याला नोटीस जाणार, तो हरकत घेणार, तिथं मग खिडकीवाल्याचं बरोबर आहे, हद्द कायम करायची मोजणीच लावा. मोजणीच्या दिवशी शेजारी हजर पाहिजे, म्हणून तरी बोलणं चालू करा.

खिडकीवर नुसतं तोंडानं होत नाही म्हणाले त्याला काही अर्थ नाही. लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर घ्या. अर्ज नामंजूर झाला तर त्या आदेशावर जिल्हा अधीक्षक भूमि अभिलेखांकडं अपील होतं, मुदत ६० दिवस, नक्कल मिळायला गेलेले दिवस त्यातून वगळतात. तोंडी नकारावर कुणाकडं अपील करणार?

तिसरं पत्र. महापालिकेच्या टॅक्स बिलावर अजून जुन्या मालकाचं नाव येतंय, उताऱ्यावर आमचं आहे. घर धोक्यात आहे का?

नाही. टॅक्सची पावती म्हणजे मालकी नव्हे, तुमचं खरेदीखत आणि उतारा ठीक आहे तेवढं पुरे. कर विभागात खरेदीखत, इंडेक्स टू (रजिस्टर ऑफिसातला खरेदीचा गोषवारा) आणि उतारा जोडून नाव बदलीचा अर्ज द्या. जुनी थकबाकी असली तर आधी तीच भरायला सांगतील, ते मात्र धरून चाला. आणि उलटी केस असेल, म्हणजे बिल आपल्या नावावर आणि उतारा दुसऱ्याच्या, तर मला लगेच लिहा, त्यात झोपून चालत नाही.

चौथं पत्र. हद्दवाढ भागात १९९६ ला एका शेतकऱ्याकडून दीड गुंठा घेतला, शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी केली, घर बांधलं, टॅक्स भरतो, लाईट आहे. सातबाऱ्यावर आमचं नाव चुकून राहिलंय. तलाठी दुरुस्ती करत नाहीत. १५५ मध्ये होईल का?

मागच्या अंकातलं १५५ वाचून अशी सहा पत्रं आलीत. दादा, तुमचं नाव चुकून राहिलेलं नाही. ते यायचंच नव्हतं. नोटरी म्हणजे सही तुमचीच याचा साक्षीदार, नोटरीनं जागा नावावर होत नाही, शंभर रुपयांच्या वरची जागा रजिस्टर खरेदीशिवाय जात नाही हा कायदा १९०८ चा आहे. सातबाऱ्यावर शेतकऱ्याचं नाव आहे ते कायद्यानं बरोबर आहे, म्हणून तलाठ्याला शिव्या घालू नका, आणि कुणी १५५ मध्ये घालून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, तसली नोंद झाली तरी पुढं अपिलात उडते.

तुमचं काम दोन वेगळ्या ठिकाणी आहे. बांधकाम आणि प्लॉट नियमित करायची फाईल महापालिकेत, गुंठेवारी कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं त्यात घेतली. आणि मालकीसाठी त्या शेतकऱ्याकडून, तो नसला तर सगळ्या वारसांकडून, लेकींसकट, रजिस्टर खरेदीखत. इतक्या वर्षांत त्यानं तोच तुकडा दुसऱ्या कुणाला दिलाय का ते आधी बघा, रजिस्ट्रेशनच्या वेबसाईटवर ई-सर्चमध्ये गट नंबर टाकून २००२ पासूनचे दस्त दिसतात, आणि आजचा डिजिटल सातबारा १५ रुपयांत निघतो. त्यात इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, म्हणजे कर्ज, दिसला तर शेतकऱ्याला त्याचं विचारा आणि तो भरून कमी करून घेतल्याशिवाय खरेदीखतासाठी काही द्यायचं ठरलं असेल तर ते देऊ नका. नोटरीचा मूळ कागद, १९९६ ला पैसे दिल्याची काही चिठ्ठी, आणि पहिल्या लाईट बिलाची प्रत एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, लॅमिनेशन करू नका, मागचे शिक्के वाचता येत नाहीत.