गुडघ्यांची झीज आणि चालण्याची भीती

प्रश्न : माझे वय ६३ वर्षे आहे. दोन वर्षांपासून जिना उतरताना आणि जमिनीवरून उठताना दोन्ही गुडघे दुखतात. क्ष-किरण तपासणीत झीज दिसल्यापासून, ते आणखी झिजू नयेत म्हणून मी चालणे बंद केले. वजन मात्र ६ किलोंनी वाढले. मला रक्तदाब आहे, तरीही औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी जवळजवळ रोज घ्यावी लागते. शस्त्रक्रिया अटळ आहे का?

उत्तर : ‘झीज’ या शब्दानेच तुमचे अधिक नुकसान केले आहे, असे मला वाटते. तो ऐकला की सांधा जितका वापरू तितका संपेल, अशी समजूत होते. वास्तविक सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत, लवचिक आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; हालचालीमुळे तिच्यावर दाब येतो आणि सुटतो, त्यातूनच सांध्यातील द्रवामार्फत तिचे पोषण होते. शिवाय चालणे थांबले की मांडीचा पुढचा स्नायू काही आठवड्यांतच दुबळा होतो आणि त्याने पेलायचा भार सांध्यावर येतो.

म्हणून सुरुवात या स्नायूपासून करा. खुर्चीत पाठ टेकून बसावे, एक पाय गुडघ्यात सरळ होईपर्यंत उचलावा, ५ आकडे म्हणेपर्यंत धरावा आणि सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने १० वेळा, दिवसातून दोनदा. सपाट रस्त्यावर १० मिनिटे चालण्यास हरकत नाही. थोडे दुखेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत दुखणे पूर्ववत झाले, तर भिण्याचे कारण नाही. वजन १ किलोने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो. काही काळ उकिडवे बसणे टाळावे आणि शौचालयात कमोड वापरावा.

गोळीबद्दल मात्र मला खरोखर काळजी वाटते. अशा बहुतेक गोळ्या रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि जठरात व्रण करू शकतात. ती परस्पर घेणे थांबवा. डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचे मलम गुडघ्यावर लावता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

शस्त्रक्रियेचा निर्णय केवळ क्ष-किरणावरून होत नाही. काही महिने नियमित व्यायाम करूनही दुखण्याने झोपमोड होत असेल आणि घरातल्या घरात वावरणेही कठीण झाले असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांशी सांधेरोपणाविषयी बोलावे. गुडघा अचानक सुजून लाल, गरम झाला आणि ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.