लष्करी पायलट भावाला मल्टिपल स्क्लेरोसिस निघालंय. गावात सांगावं का? पुढे काय काम करता येईल?

ताई, ‘आईबाबा म्हणतात, त्याचं लग्न व्हायचंय, कुणाला कळू देऊ नका’ असं तुम्ही लिहिलंय, म्हणून उत्तर देतोय. लपवू नका.

मी सैन्यात चीता हेलिकॉप्टर उडवायचो. सुट्टीवर घरी, कर्नाटकातल्या संकेश्वरला आलो होतो, आईनं गच्चीवर मिरची वाळत घातलेली. बंबातल्या कडक पाण्यानं अंघोळ करून वर गेलो. डावा डोळा झाकला की मिरची विटकरी, उजवा झाकला की लालभडक. डोळा फिरवला की आत दुखायचं. कॉकपिटमधले धोक्याचे दिवे लालच असतात.

काका मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. म्हणाले, “गप बस गा. एकदा कागदावर चढलं की उतरत नाही. मी गुडघा घेऊन आठ वर्षं काढली, कुणाला पत्ता लागू दिला नाही.” त्या रात्री आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. गुडघा त्यांचा होता. माझ्या शेजारी दुसरा पायलट बसतो, मागे कधी जखमी जवान असतो. सुट्टी अर्धी टाकून युनिटला गेलो आणि डॉक्टरांना सांगितलं. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढलं, मल्टिपल स्क्लेरोसिसचंच निदान झालं. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. अंग तापलं की उघड्या पडलेल्या तंतूतून संदेश नीट जात नाही, म्हणून अंघोळीनंतर रंग उडाला होता. माझं फ्लाइंग तिथंच संपलं. दोन वर्षांनी दुसरा अटॅक आला, पाय ओढायला लागलो, बोर्ड आऊट झालो, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय मंडळानं सेवेतून काढलं.

काका आजही लग्नकार्यात सांगतात, “पुतण्या, सुट्टीवर आलाय.” माझ्या हातात काठी असते. फार लागतं ते.

कागदावर चढलं हेच बरं झालं. बोर्डानं लिहिलं, आजार सेवेमुळे झालेला नाही आणि वाढलेलाही नाही. अपंगत्वाची पेन्शन नाकारली. पण भरतीच्या वेळी धडधाकट म्हणून घेतलेल्या माणसाला पुढे आजार झाला तर तो सेवेतला धरायचा, नाही हे सरकारनं सिद्ध करायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा धरमवीर सिंग निकाल आहे. कोचीच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात तोच घेऊन गेलो आणि जिंकलो. पहिल्या दिवसाची नोंद नसती तर काय दाखवलं असतं?

आता रविवारी हुक्केरी, चिकोडी, निपाणीकडचे माजी सैनिक माझ्याकडे येतात. कित्येकांना मराठीच वाचता येतं, आणि कागद कन्नड नाहीतर इंग्रजी. 1995 च्या अपंग कायद्यात 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले आणि त्यात आपला आजार आला, हे त्यांच्या घरच्यांना माहीतच नसतं. नोकरीतल्या राखीव जागांना 40 टक्क्यांचा दाखला लागतो, पण त्या ठरावीक प्रकारांनाच असतात, म्हणून आपला दाखला त्यात बसतो का ते आधी विचारा. तरी त्यांची सून दारातून हळूच म्हणते, “गावात बोलू नका हं.”

कामाचं म्हणाल तर शिकवणं, नियोजन, बैठं काम जमतं, फक्त दुपारचा थकवा धरून चाला. आजार प्रत्येकाचा वेगळा असतो, औषध लवकर सुरू केलं तर अटॅक कमी येतात. आणि हो, पेन्शनचे नियम 2023 मध्ये बदललेत. बोर्ड त्यानंतरचा असेल तर आधी वकिलाला दाखवा.

लग्नाचं तर पहिल्याच भेटीत मुलीला सांगू द्या, त्यानं स्वतः. मी सांगितलं तेव्हा काका बैठकीतून उठून गेले होते. ती गोकाकची, कन्नड शाळेत शिकलेली. रविवारचे कन्नड अर्ज तीच लिहिते.