बर्फाखालच्या देवमाशांचा माग

प्रश्न : ध्रुवीय समुद्रात बर्फाखालून जाणारे देवमासे दिसत नाहीत. मग पाण्यातील आवाजावरून त्यांचा माग कसा काढतात, आणि अशा निष्कर्षांवर कितपत विश्वास ठेवावा?

उत्तर : याचे सर्वांत बोलके उदाहरण अलास्काच्या उत्तर टोकावरील बॅरो, म्हणजे आजचे उत्कियागविक, येथे सापडते. दर वसंतात बोहेड देवमासे तेथून ब्यूफोर्ट समुद्राकडे जातात आणि त्यांच्या शिकारीवर तेथील मूळ रहिवासी इनुपियात लोकांचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून आहे. १९७७ साली, हे देवमासे दोन हजारही उरले नसावेत अशा समजुतीने, देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने या शिकारीची मुभा काढून घेतली. प्रखर विरोधानंतर पुढच्या वर्षासाठी अगदी थोड्या शिकारीला परवानगी मिळाली. मोजणी करणारे लोक बर्फाच्या कडेवर उभे राहून खुल्या पाण्यातून जाणारे देवमासे टिपत असत. हॅरी ब्राउअर यांच्यासारखे अनुभवी शिकारी मात्र सांगत होते की, बर्फामधली खुल्या पाण्याची वाट गोठली तरी देवमासे थांबत नाहीत, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात आणि किनाऱ्यापासून दूर, नजरेच्या टप्प्याबाहेरूनही जातात.

हे तपासायचे तर ऐकण्यावाचून मार्ग नव्हता. १९८०च्या दशकात बर्फाच्या कडेने काही अंतरावर अनेक हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात चालणारे मायक्रोफोन, सोडण्यात आले. अतिथंड समुद्रात आवाज सेकंदाला सुमारे १,४४० मीटर जातो, त्यामुळे एक किलोमीटर अंतरावरच्या दोन हायड्रोफोनांवर एकच हाक पोहोचण्याच्या वेळांत जास्तीत जास्त ०.७ सेकंदाचा फरक पडतो. तीन किंवा अधिक ठिकाणच्या अशा फरकांवरून हाक कोठून आली ते काढता येते आणि लागोपाठच्या हाकांची ठिकाणे जोडली की देवमाशाचा मार्ग उमटतो. पाण्याची वाट पूर्ण बंद असतानाही हाका येतच राहिल्या, दूर अंतरावरूनही आल्या. शिकाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले, आणि ते आधीच गांभीर्याने ऐकले गेले असते तर त्या समाजावरचे संकट टळले असते, असे मला वाटते. पुढे संख्येचे अंदाज वाढत गेले आणि २०११ सालच्या मोजणीत ते सुमारे १७ हजारांवर पोहोचले. यात सुधारलेल्या मोजणीबरोबरच देवमाशांच्या प्रत्यक्ष वाढीचाही वाटा आहे.

विश्वासाबद्दल म्हणाल, तर हाकांची संख्या म्हणजे देवमाशांची संख्या नव्हे. एकच प्राणी वारंवार हाक देतो, दुसरा गप्प राहतो, आणि तुटणाऱ्या बर्फाच्या गोंगाटात कित्येक हाका बुडून जातात. म्हणून बॅरोला डोळ्यांनी केलेली मोजणी सोडून न देता, तिच्या टप्प्याबाहेरून किती प्रमाणात देवमासे गेले ते ठरवण्यासाठी आवाजाचा आधार घेतला गेला.

अंटार्क्टिकात प्रश्न कित्येकदा संख्येचा नसून अस्तित्वाचाच असतो. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने तेथील आपल्या नॉयमायर संशोधन तळाजवळ, हिमफळीला, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाच्या थराला, आरपार छिद्रे पाडून, ‘पालाओआ’ हे ध्वनिकेंद्र उभारले. हंपबॅक देवमासे हिवाळ्यात उष्ण समुद्रांकडे निघून जातात अशी रूढ समजूत होती. पण २००८ सालच्या ध्वनिमुद्रणात त्यांच्या हाका नऊ महिन्यांत आढळल्या, त्यांत हिवाळ्याचे महिनेही होते. म्हणजे त्यांतील निदान काही देवमासे स्थलांतर न करता तेथेच राहत असावेत.